तीन रिमोटांचा एक

"आंटी, बस एक बार छूना है," म्हणत दुकानदाराने हातातल्या रिमोटच्या काचेवर बोट टेकवलं. भिंतीवरचा टीव्ही लागला, त्याखालच्या केबलच्या डब्याचा हिरवा दिवा पेटला आणि कोपऱ्यातल्या स्पीकरमधून बातम्या देणारी बाई एकदम गरजली. "तीन रिमोट का काम, एक में!"

"छान आहे हो," सिंधूताई म्हणाल्या. शेजारणीने नवी साडी दाखवली की म्हणायच्या, तसंच.

त्यांच्याबरोबर अनंतभावजी आले होते. टाउनशिपमध्ये समोरच्याच ब्लॉकमध्ये राहायचे, एकटे. सिंधूताईंचे यजमान होते तेव्हापासूनचा शेजार. रोज दिवेलागणीला दुखरा गुडघा सांभाळत ते सिंधूताईंचा जिना चढायचे आणि तीन रिमोटांशी झटापट करून टीव्ही लावून द्यायचे. मग चहा व्हायचा. मग मालिका संपेपर्यंत दोघं मिळून त्यातल्या सासूला नावं ठेवायची.

परवा बंगलोरहून उदयचा फोन आला होता. "आई, तो टचस्क्रीनवाला रिमोट घेऊन टाक. एकदा सेट केला की झालं. काकांना रोज जिना चढायला लावतेस, बरं दिसतं का?" आणि वर म्हणाला, "निवडायला त्यांनाच घेऊन जा. त्यांना कळतं."

म्हणून जवाहर चौकापर्यंत दोघं मिनीबसने आली होती.

भावजींनी रिमोट हातात घेतला. कारखान्यात ते टेस्टिंगला होते. त्यांनी पास केलेलं मशीन परत आलं नाही, आणि चांगल्या मशीनला त्यांनी कधी नापास केलं नाही, मग साहेब मागे उभा असो की पुढे. त्यांनी रिमोट तिरका धरून पाहिला. रुमालाखालून चालवला. बोट ओलं करून काचेवर टेकवलं.

"चलेगा, अंकल, सब चलेगा," दुकानदार म्हणाला.

सगळं चाललं. सिंधूताई भावजींच्या कपाळाकडे बघत होत्या. मशीनमध्ये काही खोट निघाली की तिथे एक आठी पडायची. आज पडत नव्हती.

"अंकल, घर में पहले क्या चालू करते हैं? वैसा ही भर देता हूँ."

भावजी चष्मा पुसत होते.

"पहले डब्बा," सिंधूताई बोलून गेल्या. "बाद में टीवी. टीवी को दूसरे नंबर पे लेना, पहले पे डीवीडी है. फिर टीवी का आवाज पूरा बंद, और होम थिएटर को ऑक्स पे..."

त्या थांबल्या. भावजींचा रुमालही थांबला.

"अरे, आंटी को तो सब आता है!" दुकानदार खूश झाला.

सिंधूताई काउंटरच्या काचेखाली मांडलेले सेल बघू लागल्या.

"वहिनी," भावजींनी चष्मा चढवला, "परवा तर म्हणालात, डबा कुठला आणि टीव्ही कुठला, तेच कळत नाही."

"परवा नव्हतं कळत."

भावजींनी रिमोट पुन्हा उचलला आणि तपासून झालेलं सगळं पहिल्यापासून तपासलं. तिरका धरून, रुमालाखालून, ओल्या बोटाने. या खेपेला फार वेळ लावला. दुकानदाराने तेवढ्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाला पंखा विकला.

शेवटी रिमोट खाली ठेवून ते म्हणाले, "चोख आहे, वहिनी. पास." कुणाच्या बदलीची ऑर्डर वाचून दाखवावी, तसा आवाज.

"काहीच खोट नाही?"

"खोट नाही." त्यांनी काउंटरवरच्या काळ्या, बशीएवढ्या वस्तूवर बोट ठेवलं. "एक शेरा आहे फक्त. याला साधे सेल चालत नाहीत. रात्री या बैठकीवर ठेवून चार्ज करावा लागतो. एक रात्र विसरलात, की दुसऱ्या संध्याकाळी काच काळी."

"रोज रात्री?"

"रोज."

"मग मी विसरणार," सिंधूताई लगेच म्हणाल्या. "रोजची ही आठवण माझ्याच्याने राहायची नाही."

आत्ताच ऑक्सपर्यंत सगळं घडाघडा सांगणारी बाई हे म्हणत होती, आणि तेही नजरेला नजर देऊन.

"मग कसं करायचं?" भावजींनी हळूच विचारलं.

"ही बैठक तुमच्याकडे राहू दे. मालिका संपली की रिमोट घेऊन जायचा, रात्री चार्ज करायचा."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"आणून द्यायचा. नाहीतर माझा टीव्ही कसा लागणार?" मग त्यांचा आवाज थोडा उतरला. "जिना आहे मात्र. तुमचा गुडघा..."

"गुडघ्याची तक्रार उदयची आहे, वहिनी," भावजी म्हणाले. "माझी नाही."

दुकानदाराने रिमोट आणि बैठक एकाच खोक्यात बसवायला घेतली.

"भैया, रुको. दो थैली में दो. अलग-अलग."

"आंटी, एक ही सेट है. साथ में रखने का है."

"मालूम है," सिंधूताई म्हणाल्या. "पर थैली दो."

आपली थैली घ्यायला भावजींनी हात आधीच पुढे केला होता.