हलगी गाळणारी चकती

हिंदुराव अवघड्याची हलगी तुम्हीच फोडलीत. हात तेवढे त्याचे होते.

तुमच्या आरोग्य खात्याने त्याच्या कानाच्या पडद्यावर चकती बसवली. ती पडदाच थरथरवायची, आणि दहा वर्षं ठार बहिरा असलेला म्हातारा शेजारच्या साळुंक्यांची भांडणंसुद्धा ऐकायला लागला. म्हणून तर आज त्याने बापाची हलगी खुंटीवरून काढली, अंगणात पाचट पेटवून कातडं शेकलं आणि टिपरू मारलं. काहीच ऐकू आलं नाही. कातडं ढिलं असेल म्हणून त्याने पुन्हा शेकलं.

"आबा, बास करा की, गल्ली दणाणली," लेक शेवंता म्हणाली.

"येडं करतीस व्हय मला? मुकी हाय ही."

चौथ्या शेकाला कातडं टर्रकन फाटलं. जळका वास घरभर भरला.

शेवंताने त्याला तुमच्या खात्याच्या तालुका केंद्रावर नेलं. तिथल्या पोराने चकतीची यादी उघडली. "काका, चकती चांगली आहे. ती गोंगाट गाळते. भोंगा, करवत, गाढव, हलगी."

"आन तबला?"

"तो संगीतात येतो."

हिंदुरावने कानाला हात लावला. इतके दिवस ही घाण आपण कानात मिरवली, जत्रेत लोकांना कौतुकाने दाखवली.

"काढ ही."

"परत बहिरे व्हाल."

"व्हतो." त्याने फाटकी हलगी टेबलावर ठेवली. "पण काढायच्या आधी ह्याच कानानं ऐकणार. गाढवाशेजारी हलगी कुणी लिवली? नाव सांग त्याचं."