शिशाच्या वीस गोळ्या

शनिवारी सकाळी सात वाजता चर्चची घंटा थांबली, तेव्हा सेलिन आतल्या खोलीला कडी लावून कापडी पट्टा शिवत होती. चुलीपाशी तिची आई मॅग्डलीन भाकरी उलटत होती. ओटीवर तिचा बाप सॅन्टन जाळे पसरून बसला होता. पावसाळ्यात पाचूबंदरच्या होड्या वाळूवर असतात आणि पुरुषांची बोटे जाळ्यांत. बापाच्या डब्यातून उचललेली शिशाची विसावी गोळी सेलिनने पट्ट्याच्या खणात सरकवली, वर टाका घातला, पट्टा झग्याखाली कमरेला बांधला आणि आरशात पाहिले. काही दिसत नव्हते. एक गोळी शंभर ग्रॅमची. वीस गोळ्यांचे दोन किलो.

मागच्या वर्षी ईस्टरपूर्वीच्या उपासकाळात तिने जेवण कमी केले होते. ईस्टर झाला, सगळ्यांनी उपास सोडला. तिचा सुटला नाही. पुढे पुढे पेजेच्या वाटीचीसुद्धा तिला भीती वाटू लागली. एकोणिसाव्या वर्षी वजन सदतीस किलोवर आले. केस गळू लागले, पाळी थांबली, उकाड्यातही हात गार पडू लागले. माणिकपूरच्या डॉक्टर चंद्रकांताबाईंनी सॅन्टनला समजेल अशा भाषेत सांगितले, की डिझेल कमी असले म्हणजे इंजिन मंद चालवावे लागते. हिच्या शरीराने तेच केले आहे. दिवसातून सहा वेळा थोडे थोडे खायला द्या. आधी पोट फुगेल, पाय सुजतील, घाबरू नका. मग इंजिन पकड घेईल. दर शनिवारी वजन होईल. ऑगस्टअखेर चाळीस भरले तर अध्यापिका विद्यालयासाठी तंदुरुस्तीचा दाखला मिळेल. घटले तर इस्पितळ.

सेलिनला दाखला हवा होता, अन्न नको होते. तेव्हा तिने आठवड्याला पाच गोळ्यांचा बेत केला. आईने वाढलेले मागच्या दारी मांजराला जाई. त्या घरात खरे वजन वाढत होते ते मांजराचे.

त्या शनिवारी काटा एकोणचाळीसवर थांबला. चंद्रकांताबाई प्रसन्न झाल्या. मॅग्डलीनने चर्चमध्ये मेणबत्ती लावली.

रविवारी सॅन्टनने जाळ्यावरची नजर न उचलता घराला ऐकू जाईल असे सांगितले, "डब्यातल्या वीस गोळ्या कमी हायत. पुनवेला होडी सुटनार. शिसं नसलं तर जाळं वरच तरंगल आनि मासं खालून हसत जातील. कोनी नेल्या ते मी इचारत नाय. एकेक परत आली तरी चालंल."

सेलिनने आतून ते ऐकले. बापाची होडी अडकणे म्हणजे घर अडकणे. आणि गोळी परत करावी तर काटा खाली येणार. जेवढे शिसे कमरेवरून उतरेल, तेवढे अंगावर चढायला हवे होते.

सोमवारी तिने पेज प्यायली. मंगळवारी उकडलेले अंडे अर्धे खाल्ले आणि रडली. पोट नगाऱ्यासारखे फुगले, पावले सुजली. रात्री तिला वाटे, सगळे सोडून द्यावे. सकाळी ओटीवर बाप दिसे, जाळ्याच्या त्याच कोपऱ्यावर वाकलेला. दोन-तीन दिवसांनी ती कुणाचे लक्ष नसताना एक-दोन गोळ्या डब्यात सोडी, आणि संध्याकाळी बाप मोठ्याने मोजे, "पाच झाल्या." तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी तिला कडकडून भूक लागली, आणि भाकरी भाजून होईपर्यंतही दम निघेना. हात गरम राहू लागले. मांजर रुसून शेजारी राहायला गेले. डब्यात बारा गोळ्या परत आल्या होत्या, आणि काटा एकोणचाळीसच्या खाली उतरला नव्हता.

गुरुवारी बापाचा होडीतला भागीदार प्लासिड घरी आला. सॅन्टन बाहेर गेला होता. जाळे कधी पुरे होणार, असे सेलिनने त्याला काळजीने विचारले.

"जाळं?" प्लासिड म्हणाला. "ते मे महिन्यातच पुरं झालं. शिशासकट माझ्या पडवीत पडलंय. हा मागल्या सालचा फाटका तुकडा हाय. तुझा बाप रोज तोच कोपरा उसवतो आनि रोज विनतो. मला वाटलं, पावसानं ह्याचं डोकं फिरलं."

तो गेल्यावर सेलिन ओटीवर बसली. म्हणजे शिशावाचून कुणाचेच अडत नव्हते. डबा शेजारीच होता. त्यातल्या बारा गोळ्या पुन्हा कमरेला बांधल्या की परवाच्या शनिवारी चाळीस भरत होते. दाखला हातात, आणि खाण्यातून सुटका.

शुक्रवारी सकाळी सॅन्टन नेहमीच्या जागी बसला. सेलिन पट्टा हातात घेऊन आली. त्याच्यासमोर तिने टाके उसवले आणि उरलेल्या आठ गोळ्या एकामागून एक डब्यात टाकल्या.

"वीस झाल्या," सॅन्टन मान खाली ठेवून म्हणाला. मग त्याने विचारले, "उद्या काटा खाली जाईल ना गो?"

"जाईल. डॉक्टरबाईंना मी सगळं सांगनार हाय. पन बाबा, तू आता तो कोपरा उसवू नको. सूत झिजलं."

सॅन्टनने सुई खाली ठेवली. सेलिन चुलीपाशी गेली आणि आईने म्हणण्याआधीच तिने आपल्या ताटलीत दुसरी भाकरी वाढून घेतली.