दारापुढचा उतार

जयपुरातल्या त्यांच्या गल्लीला धड फुटपाथ नव्हता. लेक उत्कर्षाची व्हीलचेअर भर रस्त्यात गाड्यांमधून ढकलताना नागनाथरावांचा जीव टांगणीला लागायचा, म्हणून त्यांनी वर्षभर वॉर्ड ऑफिसचे उंबरठे झिजवले. शेवटी एकदाचा जेसीबी आला आणि फुटपाथची जागा मोकळी करताना, त्यांनी उत्कर्षासाठी दारापुढच्या पायऱ्यांवर बांधून घेतलेला उतारही अतिक्रमण म्हणून उखडून गेला. "अरे भैया, बेटी की कुर्सी के लिए है वो!" ते ओरडतच राहिले.

फुटपाथ मात्र झकास झाला, अगदी त्यांनी मागितला होता तसा.

लेक दारातूनच तो बघत बसली होती, तेवढ्यात फोटोग्राफरला घेऊन आलेले वॉर्ड ऑफिसचे साहेब खालून म्हणाले, "बधाई हो! बिटिया को दो मिनट नीचे लाइए, फोटो लेनी है."