दोन रक्ततपासण्या

“ताई, आधी ती खिडकी उघडा. बाकीचं नंतर बोलू.”

हीटरवाल्याच्या हातातलं वायू मोजायचं यंत्र किरकिरत होतं. तिने खिडकी उघडली. सकाळची गार हवा आत आली. घाबरायला हवं होतं, पण ती नुसती त्याच्याकडे बघत उभी राहिली. गॅस हीटरची निळी ज्योत आठवडाभर पिवळी दिसत होती, म्हणून तिने त्याला बोलावलं होतं, एवढंच. त्याने धूर बाहेर नेणारा पाइप सोडवला. आत पाखराचं घरटं होतं, काजळीने काळं झालेलं.

“अख्खा हिवाळा कोंडलाय हा. धूर जाणार कुठे? खोलीतच. कार्बन मोनॉक्साइड. वास नाही, रंग नाही. तुम्हाला कळणार तरी कसं म्हणा!”

तिला कळायला हवं होतं. अकरा वर्षं ती याच वायूवर काम करत होती. प्रयोगशाळेत तिच्या टेबलाशेजारी त्याचं सिलिंडर होतं आणि डोक्यावर धोक्याची घंटा. उंदराच्या मेंदूतल्या एकेका पेशीला ती केसाहून बारीक काचेची नळी लावायची आणि तिच्यातून वाहणारी वीज मोजायची. पेशीच्या अंगावर इवलीशी दारं असतात, आयन चॅनल म्हणतात त्यांना. सोडियम, पोटॅशियम त्यांतून ये-जा करतात आणि त्या ये-जा करण्यातूनच पेशी एकमेकींशी बोलतात. हा वायू आपलं शरीरही चिमूटभर तयार करतं, निरोप पोचवायला. चिमटीची मूठ झाली की घोटाळा होतो. काही दारं उघडत नाहीत, काही मिटत नाहीत. विसरण्याच्या आजारात या दारांचं काय होतं, हाच तिचा विषय होता.

आणि पलीकडच्या खोलीत आई सगळं विसरत चालली होती.

तपासण्या झाल्या होत्या, आजाराचं नावही कळलं होतं. पण उन्हाळ्यात आई निदान बोलत होती, भाजी निवडत होती. थंडी पडली तशी ती भराभर घसरली. गेल्या महिन्यात तिने लेकीला ओळखणं सोडलं. त्या वेळी लेक फरशी पुसत होती. “तुम्ही रोज येता का कामाला?” आईने विचारलं होतं. “हो,” म्हणून तिने उरलेली फरशी पुसली. पोटात काही हललं नाही. फोनवर दादा हमसून रडला आणि ती त्याला औषधांच्या वेळा सांगत राहिली. “दगड झालीस का गं तू?” त्याने विचारलं होतं. प्रयोगशाळेतले लोक मात्र तिला खंबीर म्हणायचे. रोज सकाळी डोकं जड असायचं. जागरणाने असेल, ती म्हणायची. रडू आटलं असेल. माणसाचं आटतंच कधीतरी.

सोमवारी आईला अशा रुग्णांना सांभाळणाऱ्या संस्थेत ठेवायचं ठरलं होतं. बॅग भरून झाली होती.

आता तिने फोन उचलला. “दादा, सोमवारचं रद्द कर.”

“का? काय झालं?”

“घरात गॅस कोंडत होता. हिवाळाभर. आई घसरली ती त्यानेच असेल. असं झालेलं माणूस सुधारतं, दादा. सगळं नाही, पण सुधारतं.”

दादा म्हणाला, “मी निघतो. तू तिला घेऊन दवाखान्यात जा. आत्ताच्या आत्ता.”

तिने आईला स्वेटर चढवला, टॅक्सी केली. दवाखान्यात दोघींचं रक्त घेतलं. आईचा दंड धरून ती बाकावर बसली. आशा वाटायला हवी होती. तीही तिला हिशेबासारखी वाटली, हातचा धरून मांडलेली.

डॉक्टरीणबाई रिपोर्ट घेऊन आल्या त्या उभ्याच राहिल्या.

“आई कुठे झोपतात?”

“पलीकडच्या खोलीत. दार लावून घेते. खिडकी मिटू देत नाही, कितीही थंडी असो. दोन-दोन रजया घेते, पण खिडकी उघडी.”

“आणि तुम्ही?”

“हीटरजवळ.”

बोलता बोलताच तिला कळलं. बाईंनी कागद पुढे केले, पण वाचायची गरज उरली नव्हती.

“त्यांचं रक्त स्वच्छ आहे,” बाई हळूच म्हणाल्या. “त्यांना जे झालंय ते त्यांच्या आजारानेच. वायू तुमच्या रक्तात आहे. भरपूर. तुम्ही चालत कशा आलात याचंच मला नवल वाटतंय. आडव्या व्हा.”

तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला. आईला शेजारी खुर्ची दिली. दुपारपर्यंत ती तशीच पडून होती, छताकडे बघत. तासातासाने कानातला कापूस कुणीतरी ओढून काढावा तसे आवाज जवळ येत गेले. पाण्याचा नळ. ट्रॉलीचं चाक. मग आईचा श्वास. तिने मान वळवली. आई खिडकीबाहेर बघत होती. केस किती विरळ झाले होते. गळ्याची हाडं वर आली होती. हे सगळं महिनोन् महिने तिच्या डोळ्यांसमोरच घडलं होतं आणि ते तिला आत्ता दिसत होतं, एकदम, सगळंच्या सगळं.

आधी हनुवटी थरथरली. मग आतून असा काही उमाळा आला की मास्क बाजूला सरकला. ती ओक्साबोक्शी रडू लागली, लहान मूल रडतं तशी.

आई दचकली. उठली, खाटेच्या कडेला येऊन बसली. आपल्या पदराने तिने त्या अनोळखी बाईचे डोळे पुसले आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली,

“असं रडू नये हो. कोण गेलं तुमचं?”