भट्टीच्या गल्लीतलं शेवटचं घर

“हेच तुझं घर,” एर्मिनियामावशी म्हणाली आणि तिने स्वतःच्याच घराचं दार सताड उघडलं.

दोनातो जागच्या जागी थिजला. या दाराशी त्याने अडतीस वर्षं टपाल टाकलं होतं. हे घर मावशीचं, त्याआधी तिच्या सासऱ्यांचं. आणि शेजारी टोपी काढून उभा असलेला म्हातारा सावेरियो त्या घराचा कुणीही नव्हता.

दोनातो निवृत्त पोस्टमन. रोक्कासेल्वाचं नाव डोंगरातल्या सुंदर गावांच्या यादीत लागलं तेव्हापासून दर रविवारी बस भरून माणसं यायची आणि दोनातो त्यांना गाव दाखवायचा. आजूबाजूच्या गावांतले लोक पाहुण्यांना काय वाटेल ते ऐकवत. कुठे राजकन्येने बुरुजावरून उडी टाकलेली असे, कुठे पोप मुक्कामाला राहून गेलेले असत. दोनातोचं तसं नव्हतं. ठाऊक नसेल तर तो सरळ ठाऊक नाही म्हणायचा, आणि त्याचा त्याला अभिमान होता.

आजच्या बसमधून सावेरियो उतरला होता. ॲडलेडहून आलेला, त्र्याहत्तर वर्षांचा. वेस, बुरूज, चर्च, सगळीकडे तो निमूटपणे मागे मागे आला. मग बाकीचे कॉफी प्यायला पांगल्यावर त्याने दोनातोला बाजूला घेतलं आणि भट्टीच्या गल्लीतलं शेवटचं घर कुठे, असं विचारलं. विचारलं तेही गावच्या जुन्या बोलीत. ती बोली दोनातोने आजीनंतर कुणाच्या तोंडून ऐकली नव्हती. सावेरियो पाच वर्षांचा असताना आईबापांनी त्याला घेऊन ऑस्ट्रेलियाची बोट धरली होती. आई आदेलिना गेल्या हिवाळ्यात गेली, शहाण्णवाव्या वर्षी. घर आहे, दाराला कुलूप आहे, एवढंच ती शेवटपर्यंत सांगत राहिली.

ते घर उरलंच नव्हतं. भट्टीच्या गल्लीच्या टोकाला आता लोखंडी कठडा होता आणि एक बाक. दरीचा फोटो सगळे तिथूनच काढत. तासाभरापूर्वी सावेरियोनेही काढला होता.

सांगायचं तर होतंच. दोनातो मुद्दाम सावकाश चालत होता, मनात वाक्य जुळवत होता. तेवढ्यात दारात शेंगा सोलत बसलेल्या मावशीने हटकलं, पाहुणा कुणाचा म्हणून.

“आदेलिनाचा,” सावेरियोच बोलला. “टोपलीवाल्यांच्या घरातला.”

मावशीच्या हातातली शेंग तशीच राहिली. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, गुडघे धरलेले. पण ती उठली, ओच्यातली टरफलं झटकली आणि दाराकडे वळली. ‘हेच तुझं घर’ म्हणाली ती तेव्हा.

पुढच्या खोलीत ती थांबलीच नाही. सावेरियोचा हात धरून तिने त्याला तडक मागच्या स्वयंपाकघरात नेलं. तिथल्या भिंतीला गिलावा नव्हता, उघडे दगड होते. तिने त्याचा तळवा उचलून त्या दगडांवर टेकवला. सावेरियोने आधी हात ठेवला, मग कपाळ. खांदे हलत होते. दोनातोने खिडकीबाहेर पाहिलं.

मग मावशीने त्याला जेवायला बसवलं. शेंगांचं सूप, मेंढीच्या दुधाचं चीज, घरची वाइन. सावेरियो मुलासारखा जेवला. कोपऱ्यात आईचा माग असायचा ना, बापाच्या टोपल्या तिकडे टांगलेल्या असायच्या ना, असं तो विचारत राहिला, आणि मावशी प्रत्येक वेळी मान खाली घालून त्याच्या ताटात वाढत राहिली.

“तुम्ही इथं राहता ते मला आवडलं,” निघताना तो म्हणाला. “मनात काही आणू नका. बंद घर थंड पडतं. इथं चूल पेटती आहे, आईला बरं वाटलं असतं.”

मावशीने त्याचे दोन्ही गाल चुंबले, चीजचा तुकडा फडक्यात बांधून दिला. खालून बसचा हॉर्न आला. सावेरियो उतारावरून गेला, तीनदा मागे वळून हात हलवत.

दोनातो मात्र गेला नाही. स्वयंपाकघरात परत येऊन तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला.

“मावशी, तू हे बरं नाही केलंस.”

मावशी ताटं विसळत होती.

तो बोलत सुटला. दया सगळ्यांनाच येते, त्यालाही आली होती. म्हणून काय भलत्याचं घर दाखवायचं? तो बिचारा आता घरी जाऊन नातवंडांना फोटो दाखवेल, आणि फोटो कुणाच्या भिंतीचा, तर मावशीच्या. आजवर एकाही परक्या माणसाला आपण या गावाबद्दल खोटं सांगितलं नाही, आणि आज आपल्याच गावच्या माणसाला फसवलं, आपण नुसते उभे राहिलो. त्याचा पत्ता आपल्याकडे आहे. उद्याच्या उद्या पत्र लिहून खरं काय ते कळवतो.

मावशीने नळ बंद केला. ओले हात पुसले नाहीत.

“कळव,” ती म्हणाली. “पण सगळं कळव. ती माणसं गेल्यावर दोन वर्षांनी माझ्या सासऱ्यांनी ते घर पाडलं आणि त्या दगडांनी हे स्वयंपाकघर बांधलं. मी नवी नवरी होते. एकेक दगड मीच डोक्यावरून आणला.”