बजाबाईचं तोंड

“बोल की! जीभ उंदरानं न्हेली व्हय?”

सिद्धलिंगप्पाचा आवाज बसला होता. तीन दिवस तो ओरडत होता आणि तीन दिवस बजाबाई चौकातल्या मांडवात घुम्यासारखी बसली होती. पाच वाजायला आता तासच उरला होता.

चूक त्याचीच. मुक्या-बहिऱ्या मुलांच्या शाळेला खोली बांधायची म्हणून जोतीराम गुरुजी वर्गणी मागायला आले, तेव्हा तो भरल्या दुकानात बोलून गेला, “गिरणीच्या फाटकाशी भाकरी विकती ना बजाबाई? ती तीन दिवस तोंड मिटून बसू दे, रोख पाच हजार देतो!”

दुकान खदखदलं. बजाबाईनं शिवी हासडली की गिरणीचा भोंगा ऐकू येत नाही, असं पेठेत म्हणायचे. पण तिची नात सोना त्याच शाळेत, लिंबाखाली शिकत होती. बजाबाई मांडवात येऊन बसली.

नियम सिद्धलिंगप्पा शेटचेच. शब्द नाही, हुंकार नाही, पाटी-पेन्सिल नाही. गुरुजींनी तिच्या ओठांवरनं नजर काढायची नाही. झोपेत एखादी शिवी निसटेल म्हणून म्हातारीनं तीन रात्री डोळा लावला नव्हता.

शेट पिसाळला. चौकापलीकडच्या आपल्या चादरीच्या दुकानाकडं वळून त्यानं हाक मारली, “ईरप्पा, तिप्पण्णा! दुकान राहू दे. या हिकडं, बोंबला!”

दोघे गडी धावत आले. त्यांच्यामागं गर्दीही वाढली.

“हिची भाकरी म्हशीबी हुंगत न्हाईत!” ईरप्पा ओरडला.

“नवरा हिच्या तोंडाला भिऊनच मेला की!” तिप्पण्णानं भर घातली.

बजाबाईच्या कपाळाची शीर उडाली. ती ताडकन उठली. हात उगारून तिनं शेटच्या डोक्यावरनं थेट दुकानाकडं बोट केलं. एकदा, दोनदा, तीनदा.

“बघा, बघा! मला हाकलतीया! म्हणं, जा दुकानात! माझ्या चौकात मला?” शेटचं डोकं आणखी तापलं. “माताडु! तोंडानं बोल!”

तिनं कपाळ बडवून घेतलं. तोंड उघडलं. चौकाचा श्वास अडकला. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

आता तिच्या पायाशी बसलेली शाळेची मुलंही हात नाचवायला लागली. बोटं, कोपरं, माना, नुसता गोंधळ. दोघातिघांनी तर पाठीत वाकून, ओझं घेतल्यासारखं करून पावलं टाकून दाखवली.

“माझ्या चालीची नक्कल करता रे?” पाठीत वाकलेला सिद्धलिंगप्पा किंचाळला. “गुरुजी, हेच शिकवता व्हय?”

“शेट, मला मान वळवता येत नाही,” ओठांवरची नजर न हलवता गुरुजी म्हणाले. “नियम तुमचाच.”

सोना धावत आली. शेटचं धोतर धरून ओढायला लागली. त्यानं हिसडा दिला तशी पोर धुळीत आपटली. कोपर फुटलं.

बजाबाईनं ते पाहिलं.

ती सावकाश खाली बसली. पदराचा बोळा काढला, नातीला मांडीवर घेतलं, तिचं कोपर पुसलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच तिचा चेहरा निवला. शेटच्या डोक्यावरनं पलीकडं बघत ती गालात हसायला लागली. जत्रेत तमाशाला बसल्यासारखी.

“हसतीस? हस!” सिद्धलिंगप्पानं पाय आपटले. गडी ओरडून ओरडून थकले. ती हसतच राहिली.

पाचचा भोंगा झाला. “जिंकल्या!” गुरुजी म्हणाले आणि त्यांनी मान चोळली. शेटनं नोटांचं पुडकं त्यांच्या अंगावर फेकलं. “घ्या! बांधा खोली, न्हाईतर चुलीत घाला!”

गुरुजींनी पुडकं पिशवीत घातलं. बजाबाईनं तांब्याभर पाणी घेतलं, चूळ भरली, तोंड पुसलं. पहिली शिवी ऐकायला अख्खा चौक पुढं झुकला.

“शेट,” ती अगदी गोड आवाजात म्हणाली, “तासभर आमी समदी तेच सांगत हुतो की. दोन मानसं तुमचं दुकान टांग्यात भरून अक्कलकोट रस्त्यानं गेली.”