अंगठा

लेकीला, आस्ताला, पुरून आल्यावर विबेके थेट शेजारच्या एस्किलकडे आली. मुठीत तिचा लाल हातमोजा होता. “ज्या वेबसाइटवरच्या घाणीपायी पोरीने जीव दिला, ती कोणाची आहे ते शोध.” “डेन्मार्कात मालकाचं नाव लपत नाही,” एस्किल म्हणाला. “नोंदणीत सगळ्यांना दिसतं. खोटं नावही चालत नाही, फोनवर अंगठा लावून ओळख पटवावी लागते.” त्याची मुलगी सिग्ने, आस्ताची जिवलग मैत्रीण, कॉफी ठेवून तिथेच उभी राहिली. त्याने लॅपटॉपवर शोधलं. समोर नाव उमटलं: एस्किल ब्रूस. गेल्या हिवाळ्यात तो बटाटे सोलताना सिग्नेने त्याचा फोन पुढे धरला होता. “बाबा, शाळेचं काहीतरी आहे, अंगठा लाव ना.” त्याने हात पुसून, न वाचता लावला होता. “कोण आहे तो मेला?” विबेकेने विचारलं. सिग्नेच बोलली, “विबेके मावशी, कॉफी निवतेय.”